फ्रान्सचा राजा आणि कोपऱ्याचा गाळा

बैलबाजारात उपरण्याखाली ठरलेला आकडा कोणी तोंडाने बोलत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर कापड टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोन हातांतच राहतो. समोरच्याने तुमची बोटं मुठीत धरली की सौदा पक्का. मग बैल लंगडा निघो नाहीतर मारका, कापडाखाली काय झालं ते बाहेर येत नाही. मी हे बेल्ह्याच्या बाजारात शिकलो आणि आजवर एकदाही मोडलेलं नाही.

मास्तरांनी ते मोडलं, तेही भर सभेत. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग कायम आहे. तो का कायम आहे हे सांगायला बसलं की मास्तरांबद्दल चांगलंच जास्त बोलावं लागतं, आणि त्याचा मला आणखी राग येतो.

मास्तर म्हणजे जुन्नरमधल्या माझ्या पहिल्या दुकानाचे मालक. पेठेच्या टोकाला, एस.टी.च्या थांब्याकडे वळताना, त्यांचे सहा गाळे एका ओळीत होते. त्यांच्या मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून गाळे यांच्याकडे आले. पहिल्या गाळ्यात शिंपी, दुसऱ्यात कल्हईवाला, तिसऱ्यात मी, चौथ्यात वह्या बांधणारे चाचा, पाचव्यात मावशींची खानावळ. चाचांच्या घरात पूर्वी हाताने कागद करत. तो धंदा बसला तसे ते वह्या बांधू लागले. सहावा गाळा कोपऱ्याचा. दोन रस्त्यांना तोंड, एस.टी.तून उतरणारा प्रत्येक माणूस समोरून जाणार. असा गाळा मास्तरांनी कुलूप लावून ठेवला होता. आत युरोपचे नकाशे होते, मेणकापडावर डकवलेले. त्यातला ऑस्ट्रिया उंदरांनी खाल्ला होता.

मी अवसरी बुद्रुकचा. बापाच्या मागे काही नव्हतं. बैलांच्या दलालाकडे राहून चार वर्षं बाजार केले आणि त्या ओळखीवर दोरांचं दुकान टाकलं. कासरे, दावी, वेसणी, गोणपाट, सुतळी. पन्नास साल उलटून गेलं होतं आणि मी पंचविशीत होतो. आयुष्यात जे काही मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं होतं. म्हणून गाळा घ्यायला गेलो तेव्हा मास्तरांनी भाडं सांगितलं, आणि मी सवयीने त्याच्या निम्मं बोललो.

"भाव करायचा नाही," मास्तर म्हणाले. "पटत नसेल तर बंड करा."

"बंड कसं करायचं?"

"ते मी शिकवतो. शुक्रवारी दुपारी या."

मला वाटलं माणूस थट्टा करतोय. पण शुक्रवारी खरंच शिकवणी होती. पाचही भाडेकरू तिला यायचे, कारण भाडेपट्ट्यात तसं कलमच होतं. विषय एकच, फ्रान्समधल्या लोकांनी आपल्या राजाला कसं खाली ओढलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मास्तर उंच, किडकिडीत, पोक आलेले. काळा कोट बाराही महिने. दोन्ही खिशांत खडू, त्यामुळे कोटाचे खिसे पांढरे आणि मास्तरांची बोटं पांढरी. पूर्वी ते दक्षिणेतल्या एका संस्थानात इतिहास शिकवायला होते. तिथे वर्गात राजपुत्र बसायचा. त्याच्यासमोर त्यांनी फ्रान्सच्या राजाचं पलायन इतकं रंगवून सांगितलं, की पोराने घरी जाऊन बापाला विचारलं, आपली बग्घी किती जोरात पळते. आठ दिवसांत मास्तरांना नारळ मिळाला. "संस्थानं पुढं विलीन झालीच," ते म्हणायचे. "मी फक्त थोडं आधी शिकवलं."

आमच्या दुकानांना तेव्हा फळ्यांची दारं होती. उभ्या फळ्या, प्रत्येकीवर नंबर, सकाळी एकेक काढायची आणि रात्री नंबराने लावायची. मास्तर त्या बंद फळ्यांवर खडूने धडा लिहून ठेवायचे. सकाळी दुकान उघडलं की धडा सुटा होऊन भिंतीला टेकायचा. एकदा शिंप्याने फळ्या उलटसुलट लावल्या. दुसऱ्या दिवशी पेठेने वाचलं, की राजाचं मुंडकं आधी उडालं आणि मग तो पळून जाताना पकडला गेला. मास्तर काठी टेकत आले आणि शिंप्याला म्हणाले, "कापड उलटं शिवलंस तर चालतं का?"

"गिऱ्हाईक बोंबलतंय, मास्तर."

"मग मीही बोंबलतोय. क्रम महत्त्वाचा. मुंडकं शेवटी."

मला कबूल केलं पाहिजे की त्यांच्यासारखं सांगणारा मी दुसरा ऐकला नाही. पॅरिस त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पुण्याच्या पुढे ते फारसे गेले नव्हते. पण राजाचा खजिना कसा रिकामा झाला, मिठावर कर कसा, पाव कसा महागला, हे ते मंचरच्या बाजारातले भाव सांगावेत तसं सांगायचे. राजाने तीन थरांची सभा बोलावली. वरचे दोन थर कर न देणारे, तिसऱ्या थरात सगळा देश. मतं मात्र थराला एक. "म्हणजे दोघांनी मिळून एकाला खायचं," मास्तर म्हणायचे, आणि कल्हईवाला मान डोलवायचा. मग तिसऱ्या थराला सभागृहाचं दार बंद मिळालं. ते शेजारच्या चेंडू खेळायच्या दालनात घुसले आणि त्यांनी शपथ घेतली, की राज्याची घटना झाल्याशिवाय आपण पांगायचं नाही. मग किल्ला फोडला. आत सापडले सात कैदी.

"सातासाठी एवढा दंगा?" मी विचारलं.

"किल्ला सातांसाठी नाही फोडला. तो रोज डोळ्यांसमोर उभा होता, म्हणून फोडला."

त्या दिवशी राजाने आपल्या रोजनिशीत लिहिलं होतं, काही नाही. शिकार मिळाली नव्हती म्हणून. यावर चाचा म्हणाले, "वही चांगली बांधलेली असणार त्याची. चांगल्या वहीत माणूस दिलची बात लिहीत नाही. खराब होईल असं वाटतं." मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी चाचांना त्या महिन्याचं भाडं माफ केलं. मी मात्र जेव्हा म्हटलं, की पळून जाताना राजाने पाणी तापवायच्या भांड्यापासून सगळं घालून एकच अवजड गाडी घेतली हा गाढवपणा झाला, दोन टांगे करून वेगवेगळं निघायला पाहिजे होतं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही पळून गेला असता. म्हणून तुमच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे."

आता खरी गंमत ऐका. हा माणूस राजे कसे पाडावेत ते शिकवायचा, आणि गाळ्यांवर स्वतः राजासारखा बसला होता. गाळ्यांच्या मागे आवार होतं, आवारात आड. आवाराच्या फाटकाला कुलूप, आणि किल्ली मास्तरांच्या कोटात. फाटक सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघडायचं. मावशींना पाणी लागायचं भर दुपारी, जेवणाऱ्यांची गर्दी असताना. आम्ही कितीदा तरी सांगितलं. मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "नियम मामांचा आहे. मामा आता नाहीत. म्हणजे तो बदलायचा अधिकार कोणालाच नाही."

"मास्तर, हेच तो राजा बोलला असता," मी म्हटलं.

"शाबास. मग तुम्ही काय करणार?"

फ्रान्सच्या राजाने सभेआधी गावोगावच्या लोकांकडून तक्रारी लिहून मागवल्या होत्या, म्हणून मास्तरांनीही चाचांकडून पाच वह्या बांधून घेतल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली. दर अक्षय्य तृतीयेला सभा. प्रत्येकाची वही मोठ्याने वाचली जायची आणि मास्तर तांबड्या शाईने खाली लिहायचे, विचारात घेतले आहे. माझ्या वहीत पानंच्या पानं भरलेली. मावशींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या वहीत चाचा दरवर्षी एकच शब्द लिहायचे, पाणी. मी मात्र कोपऱ्याच्या गाळ्याबद्दल वहीत कधीच लिहिलं नाही. आपल्याला काय पाहिजे ते चारचौघांत बोललं की त्याचा भाव वाढतो, हे मला बाजाराने शिकवलं होतं. पण मनात दुसरं काही नव्हतं. तो कोपरा मिळाला तर बेल्हे, ओतूर, घोडेगाव, सगळीकडचा शेतकरी माझ्याच दारात उतरणार होता. न मिळाला तर मी तिसऱ्या गाळ्यात सुतळी मोजत म्हातारा होणार होतो.

एका वर्षी चैत्रात बाजाराच्या दिवशी मावशींचं पाणी बाराच्या आतच संपलं. पंगत बसलेली, हात खरकटे. मावशींनी रिकामा हंडा उचलला आणि चालू लागल्या, वरच्या आळीत, मास्तरांच्या घराकडे. मागून सात-आठ गिऱ्हाइकं उजवे हात अधांतरी धरून. मीही गेलो, तमाशा बघायला. मास्तर दार उघडून म्हणाले, "किती जणी आहात?"

"मी एकलीच बाई. बाकी बाप्ये हायेत."

"तिथं हजारो बाया होत्या. पावसात चालत गेल्या, जुन्नरहून निघून नारायणगावाच्या पुढं पोचावं इतक्या लांब. पाव मागायला गेल्या आणि राजालाच शहरात घेऊन आल्या."

"मंग चला की," म्हणून मावशींनी त्यांचं मनगट धरलं. मास्तर अनवाणी, कोट न घालता, हसत हसत पेठेतून आले. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस असावा. गाळ्यांशी आल्यावर म्हणाले, "पण तुमचा क्रम चुकलाय. आधी शपथ हवी होती."

"मास्तर, लोकांचं हात वाळाया लागलं, आन् तुमी क्रम काय सांगता?"

त्यांनी फाटक उघडलं. उघडताना म्हणाले, "आजचा दिवस दिला. हक्क दिला नाही. मागून मिळतं ते दान, घासाघीस करून मिळतो तो भाव. हक्क ही तिसरीच वस्तू आहे." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

त्याच आठवड्यात आम्ही क्रम दुरुस्त केला. शिंप्याच्या गाळ्यात पाचही जण जमलो आणि त्याच्या कापड बेतायच्या पाटावर हात ठेवून शपथ घेतली. आडाची किल्ली आवारातल्या खिळ्यावर टांगली जाईपर्यंत कोणी मास्तरांशी एकट्याने काहीही ठरवायचं नाही. भाडं नाही, दुरुस्ती नाही, काही नाही. माझाही हात त्या पाटावर होता. तेव्हा मनातही तसंच होतं, एवढं मी सांगतो.

पण घरी गेल्यावर धंद्याचं डोकं चालायला लागलं. अक्षय्य तृतीया महिन्यावर आली होती. मास्तर कधी नव्हे ते अडचणीत होते. अडचणीतल्या माणसाकडे जायची हीच वेळ असते. एक दिवस सकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, "या वर्षी पाण्याचं मी शांत करतो. शिंपी नि कल्हईवाला माझं ऐकतात, उरलेले दोघं काय करणार? तुम्ही मला कोपरा द्या. भाडं वाढवून देतो." आणि उपरणं त्यांच्या हातावर टाकलं.

त्यांना बोटांची भाषा येत नव्हती. मी शिकवली. एक बोट म्हणजे काय, पंजा म्हणजे काय, बोटाचं पेर दाबलं तर काय. शिकवणाऱ्याला शिकवायला वेळ लागला नाही. मी माझा आकडा दाबला. मास्तरांनी डोळे मिटले आणि आणखी एक बोट दाबलं. भाव न करणाऱ्या माणसाने भाव केला होता. मी ते बोट मान्य केलं. त्यांनी माझी बोटं मुठीत धरली. सौदा पक्का झाला. घरी येताना मला पेठ माझ्या बापाची वाटत होती.

सभा नेहमीप्रमाणे मावशींच्या खानावळीत भरली. मास्तर वह्या न उघडताच उभे राहिले.

"राजाने लोकांची घटना मान्य केल्याचं नाटक केलं," ते म्हणाले. "आतून तो सगळ्यांशी वेगवेगळे व्यवहार करत होता. पुढं त्याच्या राजवाड्यात भिंतीत एक लोखंडी कपाट सापडलं. त्यात पत्रं होती. लोकांचे पुढारी कोण, कोणाला काय मिळालं, सगळं. तिथून राजा वाचणं अवघड झालं."

त्या वर्षी हा धडा पुन्हा झाला त्या शुक्रवारी मी घायपाताच्या दोरांसाठी संगमनेरला गेलो होतो, आणि मागच्या खेपेचा विसरलो होतो. नाहीतर त्या घराची पायरी चढताना मी दहादा विचार केला असता.

"माझ्याकडे कपाट नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून तोंडानेच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. माझं नाव, पाण्याबद्दल मी काय म्हणालो ते, कापडाखालचा आकडा, आणि आपण वाढवलेलं बोटसुद्धा. "यांनी फितुरी केली आणि मी लाच घेतली. दोघंही एकाच दिवशी सापडलो. मी राजीनामा देतो." त्यांनी कोटातून दोन किल्ल्या काढल्या. आडाची मावशींसमोर ठेवली. कोपऱ्याची सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "हा गाळा कोणाला द्यायचा ते तुम्ही पाच जणांनी हात वर करून ठरवा. भाडं जे आहे तेच."

मी उठून त्यांच्या अंगावर गेलो. शिंप्याने मला कमरेला धरलं. मी ओरडलो, की कापडाखालचं बोलतात का, तुम्ही मूठ धरलीत, मूठ धरून उलटलात. मास्तर म्हणाले, "होय. धरली."

पुढे दोन वर्षांनी मी त्यांना एस.टी.च्या थांब्यावर गाठून विचारलं होतं, ती माझी परीक्षा होती का. मला वाटत होतं ते हो म्हणतील, म्हणजे मला त्यांना नीट शिव्या देता येतील. ते म्हणाले, "छे. छप्पर गळत होतं. मला ते पैसे खरंच हवे होते." म्हणजे बघा. लोभ दोघांना सुटला. त्याने बोलून दाखवला तो थोर, आणि मी बाजाराचा नियम पाळून गप्प राहिलो तो फितूर. हेच माझं दुखणं आहे आणि यात मला आजही न्याय दिसत नाही. ते गेले तेव्हा तिरडीची सुतळी माझ्या दुकानातून गेली. सगळ्यात चांगली काढून दिली, कारण वाईट सुतळी मी कोणालाच देत नाही.

सभेत मग हात वर झाले. मावशी बोलल्या, "मला कोपरा पायजे. येष्टीतून उतरल्याली बाया-माणसं जेवाया बसत्यात, त्यांना सावली न्हाई." त्यांचा स्वतःचा हात आणि चाचांचा, दोन. शिंपी म्हणाला, "चुकलं याचं. लई चुकलं. पर मानूस धंद्याचा हाय," आणि त्याने माझ्यासाठी हात वर केला. कल्हईवाल्याने खाली बघत केला. दोन आणि दोन.

"पाचवं मत," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

सरळ हिशोब होता. हात वर केला असता तर गाळा माझा. नियमाने माझा, सगळ्यांच्या देखत माझा. कोणी हरकत घेऊ शकत नव्हतं. या हाताने मी हजार बैल विकले होते. पण तेव्हा वर कापड असायचं. तिथे चार माणसं बघत होती, आणि चौघांबरोबर मी पाटावर हात ठेवलेला होता. हात मांडीवरून सुटेना. मास्तर थांबले. घाई केली नाही त्यांनी, वर्गात एखादा पोरगा उत्तर आठवत असतो तेव्हा थांबतात तसे थांबले.

"मावशींना," मी म्हटलं आणि बाहेर पडलो.

चाचा मागून आले. त्यांच्या हाताला नेहमी खळीचा वास यायचा. तो हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. मी झटकला. त्यांनी पुन्हा ठेवला.

"भाऊ, तू सभेत उभा राहून म्हटला असतास ना, की मला धंदा वाढवायचाय, कोपरा मला पाहिजे, तर पहिला हात माझा होता. मावशीलाही मी समजावलं असतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तू मागितलास कधी?"

मी महिन्याभरात तो गाळा सोडला. नारायणगावात रस्त्याला लागून एक जागा रिकामी होती, आजच्या माझ्या दुकानाची निम्मी. मालक चार माणसांत बसला होता. मी समोर उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ही जागा मला पाहिजे आणि ती घेतल्याशिवाय मी जाणार नाही. तो लगेच चढा भाव बोलला. मग खाली बसलो, चहा मागवला, आणि उन्हं कलेपर्यंत घासाघीस करून तो भाव मी खाली आणला. उपरणं खांद्यावरच होतं.